सर अलेक्झांडर फ्लेमिंग

स्कॉटलंडच्या नैर्ऋत्य भागात एअरशायर नावाचा परगणा आहे. तेथील डार्व्हेल गावापासून काही मैल दूर, उघड्या माळरानावर, लॉकफील्ड नावाचे एक शेतघर होते. ह्या शेतघरात ६ ऑगस्ट १८८१ रोजी अलेक्झांडर फ्लेमिंगचा जन्म झाला. त्याचे वडील ह्यू फ्लेमिंग शेती करीत व मेंढरे पाळीत. अलेक सात वर्षांचा असतानाच त्यांना देवाज्ञा झाली. पुढे आई ग्रेस हिने आपली व सावत्र अशी सर्व मुले एकाच मायेने वाढविली.

डार्व्हेलच्या शाळेत जाण्यासाठी अलेकला चार मैल चालावे लागे आणि परत येताना पुन्हा तितकीच पायपीट होई. थंडीच्या दिवसांत ही वाट बर्फातून जाई. पण ह्या वाटेनेच त्याला बारकाईने पाहण्याची सवय लावली. माळावरच्या गवतात पक्ष्याचे घरटे कोठे आहे, ओढ्यातील कोणत्या दगडाखाली मासा दडला आहे, हे त्याला अचूक कळे. हे मासे तो व त्याचे भाऊ गळावाचून, नुसत्या हातांनी पकडीत. त्यासाठी थंडगार पाण्यात हात घालून निश्चल बसावे लागे. प्रयोगशाळेत पुढे त्याने जी चिकाटी दाखविली, तिचा पहिला धडा त्याला ह्या ओढ्यानेच दिला, असे म्हणावयास हरकत नाही.

वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास अलेक लंडनला आला. थोरला भाऊ टॉम तेथे डॉक्टर होता. काही काळ शिक्षण झाल्यावर अलेकला एका जहाज कंपनीच्या कचेरीत कारकुनाची नोकरी मिळाली. चार वर्षे त्याने तेथे हिशेबाच्या वह्या लिहिल्या. हे काम त्याला मुळीच आवडत नसे. १९०१ साली एका काकाच्या मृत्युपत्रामुळे त्याच्या वाट्याला २५० पौंड आले. टॉमच्या सल्ल्याने त्याने ती रक्कम वैद्यकाच्या शिक्षणासाठी खर्च करण्याचे ठरविले. घरापासून सारख्याच अंतरावर तीन वैद्यकीय विद्यालये होती. त्यांपैकी सेंट मेरी रुग्णालयाच्या संघाशी तो पूर्वी पाण्यातील चेंडूचा खेळ खेळला होता. तेवढ्याच ओळखीवर त्याने सेंट मेरीची निवड केली!

१९०६ साली फ्लेमिंग डॉक्टर झाले. ते उत्तम नेमबाज होते. त्यांच्यासारखा गडी रुग्णालयाच्या नेमबाजी संघातून जाऊ नये, म्हणून संघातील एका सहकाऱ्याने त्यांना तेथेच ऑल्मरॉथ राइट ह्यांच्या प्रयोगशाळेत जागा मिळवून दिली. विषमज्वराची लस तयार करणारे राइट हे त्या काळचे नामांकित जंतुशास्त्रज्ञ होते. जागा तात्पुरती होती; पण फ्लेमिंग तेथे आले ते कायमचेच.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. राइट व फ्लेमिंग फ्रान्सच्या किनाऱ्यावरील बूलॉन्य शहरी गेले. तेथे जुगाराच्या एका आलिशान वाड्याचे लष्करी रुग्णालय करण्यात आले होते. रणभूमीवरून रोज जखमी सैनिक येत. त्यांच्या जखमांत माती, शेणखत व कपड्यांच्या चिंध्या शिरलेल्या असत. गोळी लागूनही जे वाचले, ते जखम सडल्यामुळे मरत. शल्यवैद्य जखमांत भरपूर जंतुनाशक औषधे ओतीत आणि तरीही जखमा चिघळत.

असे का होते, हे फ्लेमिंग ह्यांनी एका साध्या युक्तीने दाखवून दिले. त्यांनी काचेची एक नळी तापवून तिच्या तळाला काट्यांसारखी पोकळ टोके काढली. बंदुकीच्या गोळीने झालेल्या जखमेतही असेच आडवेतिडवे खाचखळगे असतात. ह्या नळीत त्यांनी जंतुमिश्रित द्रव भरला व तो ओतून टाकला. मग जंतुनाशक औषध भरले व तेही ओतून टाकले. शेवटी स्वच्छ, निर्जंतुक द्रव भरून ठेवला. काही वेळाने पाहतात, तो त्यात पुन्हा जंतू माजलेले! औषध त्या अरुंद टोकांत पोचतच नव्हते. उलट, जंतूंशी लढणाऱ्या रक्तातील पांढऱ्या पेशी मात्र त्या औषधाने मरत होत्या. कित्येक शल्यवैद्यांना हे पटले नाही. जंतूंना मारील, परंतु माणसाच्या पेशींना धक्का लावणार नाही, असे औषध सापडले पाहिजे, हा ध्यास फ्लेमिंग ह्यांनी तेव्हापासून घेतला.

युद्ध संपल्यावर ते सेंट मेरीत परतले. १९२१ साली त्यांना सर्दी झाली. त्यांनी आपल्याच नाकातील शेंबूड जंतू वाढविलेल्या काचेच्या बशीत टाकला. शेंबडाच्या आसपासचे जंतू विरघळून गेले! तोच गुण त्यांना अश्रूंतही आढळला. मग काय विचारता! प्रयोगासाठी अश्रू हवेत, म्हणून लिंबे आणली गेली. प्रयोगशाळेतील नोकर व पाहुणे डोळ्यांत लिंबू पिळून घेत आणि त्याबद्दल नोकरांना थोडे पैसे मिळत. ह्या पदार्थाला लायसोझाइम असे नाव मिळाले. पण लायसोझाइम मुख्यतः निरुपद्रवी जंतूंनाच मारी. भयंकर रोगांच्या जंतूंवर त्याचा प्रभाव फारसा पडत नसे.

फ्लेमिंग ह्यांच्या टेबलावर नेहमी पसारा असे. जंतू वाढविलेल्या बश्या ते लगेच धुण्यास देत नसत. चार दिवस तशाच ठेवून, काही नवल दिसते का ते पाहून मगच टाकीत. १९२८ च्या उन्हाळ्यात ते सुटीवर गेले, तेव्हाही अशा बश्यांची चळत टेबलावर राहिली होती. तीत स्टॅफिलोकॉकस नावाचे जंतू होते. सूक्ष्मदर्शकातून ते द्राक्षांच्या घोसासारखे दिसतात. त्यांच्यामुळे पुळ्या व गळवे येतात आणि ते रक्तात शिरले तर प्राणही जातो. ३ सप्टेंबरला परत आल्यावर फ्लेमिंग बश्या चाळू लागले. एका बशीत बुरशी आली होती. शिळ्या भाकरीवर येते तशीच ती बुरशी, बहुधा खालच्या मजल्यावरील प्रयोगशाळेतून हवेबरोबर आलेली. दुसऱ्या कोणी ती बशी नाक मुरडून फेकून दिली असती. फ्लेमिंग ह्यांना मात्र दिसले, की बुरशीच्या भोवतालचे स्टॅफिलोकॉकस विरून गेले आहेत आणि दूरचे तसेच आहेत.

त्यांनी ती बुरशी निराळी वाढविली. तिच्या रसात आठशे पट पाणी मिसळले तरी तो स्टॅफिलोकॉकसची वाढ थांबवी. पांढऱ्या पेशींना त्याने अपाय होत नसे. ज्याचा बूलॉन्यपासून शोध चालला होता, ते हेच! ती बुरशी पेनिसिलियम जातीची होती, म्हणून १९२९ च्या मार्चमध्ये त्यांनी ह्या रसाला पेनिसिलिन हे नाव दिले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी आणखी एक गोष्ट स्वच्छ लिहून ठेवली. पेनिसिलिन सर्वच जंतूंना मारीत नाही. विषमज्वराचे व आतड्यातील कोलाय जातीचे जंतू त्याला दाद देत नाहीत.

ह्याच १९२८ साली, ह्याच लंडन शहरात, फ्रेडरिक ग्रिफिथ नावाच्या एका अबोल शास्त्रज्ञाने एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्याची हकीकत येथेच सांगितली पाहिजे. न्यूमोनियाच्या जंतूंचे दोन प्रकार असतात. एकाला गुळगुळीत कवच असते व तो मारक असतो. दुसऱ्याला कवच नसते व तो निरुपद्रवी असतो. ग्रिफिथने मारक जंतू उष्णतेने मारले व ते मेलेले जंतू जिवंत निरुपद्रवी जंतूंबरोबर उंदरांना टोचले. उंदीर मेले, आणि त्यांच्या रक्तात कवच असलेले जिवंत जंतू सापडले! मेलेल्या जंतूंचा गुण जिवंतांनी उचलला होता. तो गुण वाहून नेणारा पदार्थ डीएनए होय, हे १९४४ साली न्यूयॉर्कमध्ये सिद्ध झाले. पण ते पाहण्यास ग्रिफिथ हयात नव्हता. १९४१ साली लंडनवर झालेल्या बाँबवर्षावात तो मरण पावला होता. जंतूंचे गुण एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात, ह्या गोष्टीचा रुग्णालयांतील औषधांशी काही संबंध असेल, असे तेव्हा कोणाच्या मनातही आले नव्हते.

इकडे पेनिसिलिनची गाडी अडली होती. बुरशीच्या रसातून शुद्ध पेनिसिलिन वेगळे काढणे जमेना. ते लवकर नासून जाई. फ्लेमिंग रसायनशास्त्रज्ञ नव्हते. दहा वर्षे हा शोध जवळजवळ पडून राहिला. अखेर ऑक्सफर्ड विद्यापीठात हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन व नॉर्मन हीटली ह्यांनी हे काम हाती घेतले. २५ मे १९४० रोजी त्यांनी आठ उंदरांना मारक जंतू टोचले व त्यांपैकी चौघांना पेनिसिलिन दिले. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत औषध न मिळालेले चारही उंदीर मेले होते. औषध मिळालेले जिवंत होते. हे वृत्त वाचून फ्लेमिंग ऑक्सफर्डला गेले. ते येत आहेत हे ऐकून चेनला नवल वाटले. फ्लेमिंग केव्हाच वारले असावेत, अशी त्याची समजूत होती!

१९४१ च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्डच्या एका पोलिसाला पेनिसिलिन टोचण्यात आले. त्याच्या चेहऱ्याच्या जखमेतून विष सर्वांगात भिनले होते. औषधाने त्याचा ताप उतरला, तो जेवू लागला. पण औषध इतके थोडे होते, की त्याच्या मूत्रातून ते पुन्हा काढून त्यालाच देण्यात येई. शेवटी तेही संपले आणि तो मरण पावला. पेनिसिलिनचा गुण आणि अपुऱ्या पेनिसिलिनचा धोका, दोन्ही गोष्टी त्या एका खाटेवर दिसून आल्या. पुढे अमेरिकेतील कारखान्यांच्या साहाय्याने भरपूर उत्पादन होऊ लागले आणि दुसऱ्या महायुद्धातील असंख्य जखमी सैनिकांचे प्राण वाचले.

फ्लेमिंग आता जगभर प्रसिद्ध झाले. १९४४ साली त्यांना सर हा किताब मिळाला. १९४५ साली त्यांना, फ्लोरींना व चेनना मिळून नोबेल पारितोषिक देण्यात आले. अशा माणसांभोवती दंतकथा जमतातच. फ्लेमिंगच्या वडिलांनी लहानग्या चर्चिलला दलदलीतून वाचविले व त्याची परतफेड म्हणून चर्चिलच्या वडिलांनी अलेकच्या शिक्षणाचा खर्च केला, ही गोष्ट अजूनही पुष्कळ लोक सांगतात. तीत तथ्य नाही. खुद्द फ्लेमिंगच आपल्या यशाचे श्रेय नशिबाला देऊन मोकळे होत. तोही विनय थोडा जास्तच म्हटला पाहिजे.

डिसेंबर १९४५ मध्ये स्टॉकहोम येथे नोबेल पारितोषिकाच्या निमित्ताने त्यांचे व्याख्यान झाले. अशा प्रसंगी कोणीही आपल्या शोधाची थोरवी गाईल. फ्लेमिंग ह्यांनी मात्र शेवटी एक इशारा दिला. प्रयोगशाळेत जंतूंना थोडे थोडे पेनिसिलिन देऊन, ते न मरता त्या औषधाला निगरगट्ट होतात, हे त्यांनी पाहिले होते. रोग्याच्या शरीरातही हेच घडेल, असे त्यांनी सांगितले. त्यासाठी त्यांनी एक काल्पनिक उदाहरण घेतले. एका माणसाचा घसा दुखतो. तो आपल्या मनानेच पेनिसिलिन घेतो, पण पुरेसे घेत नाही. त्याचे जंतू मरत नाहीत, मात्र औषधाला सरावतात. मग त्याच्या पत्नीला त्याच जंतूंची बाधा होऊन न्यूमोनिया होतो. तिच्यावर पेनिसिलिन चालत नाही व ती मरते. तिच्या मृत्यूला जबाबदार कोण, हा प्रश्न त्यांनी श्रोत्यांपुढे ठेवला.

जंतू सरावतात म्हणजे ते विद्यार्थ्यासारखे शिकतात असे नव्हे. काही जंतू अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतात. एका दिवसात एका जंतूचा अफाट पसारा होतो. त्या कोट्यवधींत एखादा जंतू जन्मतःच किंचित निराळा असतो. औषध इतरांना मारते, तो उरतो, आणि मोकळ्या रानात त्याचीच प्रजा वाढते. शिवाय काही जंतूंजवळ तर पेनिसिलिनचे तुकडे करणारा पदार्थच तयार होतो. चेन व त्याचा सहकारी एडवर्ड एब्रहॅम ह्यांनी तो १९४० सालीच, म्हणजे ऑक्सफर्डमध्ये पहिल्या रोग्याला पेनिसिलिन टोचण्यापूर्वीच, प्रसिद्ध केला होता.

इशारा खरा ठरण्यास फार वेळ लागला नाही. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात मेरी बार्बर नावाच्या जंतुशास्त्रज्ञ रोग्यांच्या जखमांतील स्टॅफिलोकॉकस तपाशीत असत. १९४६ साली त्यांतील सुमारे सातात एक पेनिसिलिनला दाद देईनासा झाला होता. १९४८ साली हे प्रमाण निम्म्यावर गेले. फ्लेमिंगच्या बशीत जे जंतू विरघळले होते, त्याच जातीचे हे जंतू! ते एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे कसे जातात, ह्याचाही बार्बरबाईंनी शोध घेतला. रुग्णालयात आजारी माणसे जवळजवळ असतात, जखमा उघड्या असतात, औषधाचा मारा सतत चालू असतो आणि एकच हात अनेकांच्या अंगाला लागतो. बाहेर जे जंतू विरळा असतात, ते तेथे माजतात. ब्रिटनने १९४७ साली कायदा करून डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून पेनिसिलिन विकण्यास मनाई केली.

फ्लेमिंग ह्यांची अखेरची वर्षे देशोदेशींच्या सत्कारांत गेली. १९४९ साली त्यांची पत्नी सारा निवर्तली. १९५३ साली त्यांनी आपल्या प्रयोगशाळेत काम केलेल्या अमालिया ह्या ग्रीक डॉक्टर स्त्रीशी विवाह केला. ११ मार्च १९५५ रोजी लंडनमधील राहत्या घरी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. सेंट पॉल्स ह्या मंदिराच्या तळघरात त्यांच्या अस्थी ठेवण्यात आल्या. त्याच वर्षी आपल्या पुण्याजवळ पिंपरी येथे, सरकारी मालकीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात, भारतात पेनिसिलिन तयार होऊ लागले.

परंतु फ्लेमिंग ह्यांना ज्याची कल्पना नव्हती, अशी एक गोष्ट त्यांच्यामागे उघडकीस आली. जपानमध्ये आमांशाच्या साथी येत. त्या रोगाचे शिगेला नावाचे जंतू एकाच वेळी चार निरनिराळ्या औषधांना दाद देईनासे झाले होते. एका औषधाला सरावलेला जंतू समजू शकतो. पण चारही औषधांचा प्रतिकार त्याने एकदम कोठून आणला? ज्या रोग्याला एकच औषध दिले, त्याच्या पोटातही चौघांना न जुमानणारे जंतू आढळत. १९५९ साली तोमोइचिरो आकिबा व कुनितारो ओचिआइ ह्या जपानी शास्त्रज्ञांनी आपापल्या प्रयोगांतून ह्याचे उत्तर शोधले. आपल्या आतड्यात कोलाय जंतू नेहमीच असतात. अशा प्रतिकारक्षम कोलाय जंतूंना आमांशाच्या साध्या जंतूंबरोबर एकत्र वाढविले, तेव्हा चारही प्रतिकार एकाच वेळी आमांशाच्या जंतूंत उतरले.

ह्याचे कारण असे. प्रत्येक जंतूजवळ आपल्या गुणांची नोंद ठेवणारा डीएनएचा एक लांब धागा असतो. पुष्कळ जंतूंजवळ त्याखेरीज डीएनएची लहान लहान वर्तुळे असतात. त्यांना प्लाझ्मिड म्हणतात. औषधांचा प्रतिकार करण्याच्या सूचना, म्हणजे ती जनुके, बहुधा ह्या वर्तुळांवर एकापुढे एक जडलेली असतात. एक जंतू दुसऱ्याला चिकटतो, दोघांमध्ये जणू एक पूल तयार होतो आणि त्यावरून वर्तुळाची एक प्रत पलीकडे जाते. देणाऱ्याजवळ त्याची प्रत राहतेच, म्हणून दिल्याने काही कमी होत नाही. विशेष म्हणजे घेणारा जंतू त्याच जातीचा असावा लागतो असेही नाही. निरुपद्रवी जंतू मारक जंतूला ही ठेव देऊ शकतो. स्टॅफिलोकॉकसमध्ये तर जंतूंना खाणारे विषाणूदेखील हे जनुक एकाकडून दुसऱ्याकडे वाहून नेतात. ग्रिफिथच्या मेलेल्या जंतूंनी जिवंतांना दिले, तेही असेच एक दान होते.

स्टॉकहोमच्या व्याख्यानातील माणसाने आपले जंतू पत्नीला दिले होते. रुग्णालयात आता असे दिसून आले, की जंतू आपली ठेव जंतूंनाच देतात, आणि त्यासाठी कोणी खोकण्याची वा हात लावण्याचीही जरूर नाही. एका रोग्याच्या आतड्यातच हा व्यवहार उरकतो. पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकससाठी मेथिसिलिन हे नवे औषध ब्रिटनमध्ये निघाले. १९६१ सालीच, दोन वर्षांच्या आत, त्यालाही न जुमानणारे जंतू तेथील रुग्णालयात सापडले. हॅमरस्मिथमध्ये मात्र मेरी बार्बर ह्यांनी औषधे जपून वापरण्याचे व रोग्यांना वेगळे ठेवण्याचे कडक नियम घालून दिले होते. त्यामुळे तेथील प्रतिकारक्षम जंतूंचे प्रमाण चांगलेच खाली आले.

आणखी एक हकीकत सांगण्याजोगी आहे. १९१५ साली फ्लेमिंग बूलॉन्यला काचेच्या नळीवर प्रयोग करीत होते, तेव्हा तेथून जवळच असलेल्या विमरो गावच्या लष्करी रुग्णालयात एक ब्रिटिश सैनिक आमांशाने मरण पावला. त्याच्या पोटातील शिगेला जंतू वेगळे काढून जपून ठेवण्यात आले. पुढे लंडनमध्ये जंतूंचा राष्ट्रीय संग्रह स्थापन झाला, तेव्हा त्या जंतूंना त्यात पहिला क्रमांक मिळाला. जवळजवळ शंभर वर्षे ते तेथे सुप्तावस्थेत होते. शास्त्रज्ञांनी त्यांना पुन्हा वाढविले, त्यांचा सर्व डीएनए वाचला व २०१४ साली तो प्रसिद्ध केला. पेनिसिलिन टाकून पाहिले, तर ते जंतू मरेनात. फ्लेमिंगच्या बशीत बुरशी येण्यापूर्वी तेरा वर्षे, बूलॉन्यच्या शेजारच्याच गावात, ते त्या औषधाला दाद न देणारे होते.